मधून बाहेर

डेलिया गॉनचं शेत अडीच एकर. तीन बाजूंना दगडी बांध,
चौथ्या बाजूला अटलांटिक.
जुलै संपत आलेला, गवत कमरेला लागलेलं,
आणि मी ट्रॅक्टर घेऊन, तासाच्या बोलीवर.

'मधून सुरू कर,' ती म्हणाली. 'कडेनं आत नको येऊस.
मधून बाहेर, सावकाश.
त्याला पळायला वाट हवी.'

त्याला म्हणजे त्रीनखला. कॉर्नक्रेकला.
कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा
रात्रभर ओरडणारा, आणि कधीच न दिसणारा.
एरिसमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे
तो गवतात उताणा झोपतो
आणि दोन्ही पाय वर करून आभाळ तोलून धरतो.
एक पाय अवघडला की क्रेक.
दुसरा अवघडला की क्रेक.

मी हसलो. माझं डिझेल जळत होतं.

बांधावर एकटाच मॅगपाय येऊन बसला.
डेलियानं त्याला हात केला, विचारलं,
'बायको बरी आहे ना?'
मग माझ्याकडे वळून:
'एकट्याला विचारावं लागतं. इथला नाही ना तो,
वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर आला, परक्या फौजेच्या वाऱ्याबरोबर.
साडेतीनशे वर्षं झाली. पाहुणा तो पाहुणाच.'

रेनबद्दल मात्र तिचं गावाशी पटत नाही.
गाव म्हणतं, एवढीशी चोच ड्रमवर आपटून
त्यानं झोपलेला शत्रू उठवला, आपली माणसं कापली गेली;
म्हणून नाताळच्या दुसऱ्या दिवशी पोरं झुडपं बडवत हिंडतात.
'फितूर कसला,' डेलिया म्हणते,
'ड्रमवर भाकरीचा चुरा सांडला असेल.
भूक लागली होती त्याला.'

चहा तिनं बांधावरच आणून दिला. कपाचा कान तुटलेला.
फेस्टसचा कप, ती म्हणाली. भाऊ.
फेब्रुवारीत रॉबिन घरात शिरला,
फेस्टसच्या खुर्चीच्या पाठीवर बसला.
'माझ्यासाठी आलाय की तुझ्यासाठी?' फेस्टसनं विचारलं,
असं, जसं पोस्टमनला विचारतात.
'मी खिडकी उघडून दिली,
दार उघडून दिलं.
रॉबिन बसूनच होता.
फेस्टस गेला, मार्चच्या नऊ तारखेला.'

मी कप खाली ठेवला. जरा जपूनच.

माझे वडील कडेनं आत कापायचे.
फेरीमागून फेरी, वर्तुळ आवळत,
शेवटी मध्ये खोलीएवढा तुकडा उरायचा
आणि तो तुकडा हलायचा.
वाऱ्यानं नव्हे.
मी सात वर्षांचा होतो. मला मागून चालायचं काम होतं.
काळी पिल्लं असतात त्यांची, अगदी काळी,
अंगठ्याएवढी.
मी रडलो तेव्हा वडील म्हणाले,
'बघ, वर बघ. पडलं का आभाळ?'

हे मी डेलियाला का सांगितलं, ठाऊक नाही.
इंजिन चालूच होतं, तिला ऐकू गेलं नसेल असं वाटलं.
तिनं रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
'पडलं की,' ती म्हणाली.
'एकदम पडत नाही ते, सावकाश खाली येतं.
आमच्या लहानपणी केवढं उंच होतं.
रात्री एवढे ओरडायचे की आई खिडकीत उशी कोंबायची.
आता मीच खिडकी उघडी ठेवून झोपते.'

मी मधून बाहेर कापलं.
पहिल्या गिअरमध्ये, दर वळणावर थांबत,
वेड्यासारखा पात्याच्या पुढे बघत.
काहीच निघालं नाही. एक ससा. एक गंजलेली बादली.
समुद्राकडचा पट्टा, चार हात रुंद,
मी तसाच ठेवला.
का, ते तिनं विचारलं नाही.
दारात उभी राहून नोटा मोजल्या, दोनदा,
आणि पाच युरो कमी दिले,
पट्टा राहिला म्हणून.

गाडीत बसून मी इंजिन बंद केलं.
साडेदहा वाजले होते, उजेड अजून होता.
मी काच खाली केली.